टाकी गळाल्यानंतर

सांगली

चि. ओंकार यास,


काल वहिनींचा फोन आला आणि सगळं कळलं. तू मित्रांबरोबर नाशिकला, माशांची टाकी ठाण्याच्या घरात, आणि रात्री अकरा वाजता सोफ्याखालून आलेलं पाणी पहिल्यांदा दिसलं ते दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना. दोन एंजल, तीन मॉली आणि सहाही टेट्रा गेले. तिघं उरले. आणि आल्यापासून तू बाबांशी एक अक्षर बोलला नाहीस, असंही वहिनी म्हणाल्या. पत्र त्या शेवटच्या गोष्टीसाठीच आहे, पण जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. थोडा वळसा घेते.

वाचलेले तिघं कोण, याकडे नीट बघितलंस का? दोन कोरी आणि एक गुरामी. बहुतेक हा योगायोग नाही. गुरामीच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्यामुळे ती पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकते. कोरीचं तंत्र आणखी वेगळं. ती झपकन वर येते, हवेचा घोट गिळते आणि त्यातला प्राणवायू आतड्यातून शोषून घेते. म्हणजे दादाने मासे काढून ठेवले त्या बादलीत कल्ले निकामी होत असताना या तिघांकडे श्वासाची दुसरी वाट होती. बाकीच्या अकरांकडे ती नव्हती.

कल्ले निकामी झाले ते कशाने, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यावरच तू घुमसतो आहेस. दादाने मासे उचलून नळाच्या ताज्या पाण्याच्या बादलीत टाकले. मी तुला खोटा धीर देणार नाही. त्या पाण्याने इजा झाली. नळाच्या पाण्यात आपल्यापर्यंत पोचताना लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं असं आपल्याकडचं मानक आहे. तेवढ्याने आपला घसाही खवखवत नाही, पण माशाच्या कल्ल्याची नाजूक कातडी जळते. पावसाळ्यात तर मात्रा वाढवतात. सोसायटीच्या वरच्या टाकीत थोडं उडून जातं, सगळं नाही. त्यात अरुंद, खोल बादली, चौदा मासे आणि पंप बंद. हवेशी संबंध येतो तो पृष्ठभागाचा, खोलीचा नव्हे. म्हणून अशा वेळी बादलीपेक्षा कपडे भिजवायचा पसरट टब बरा, आणि त्यात टाकीत उरलेलं तेच जुनं पाणी.

हे सगळं तुला येत होतं. दादाला कुणी सांगितलं होतं? चार वर्षं ती टाकी हॉलमध्ये आहे, पण तिच्यात हात घालायची परवानगी तू घरात कुणाला दिलीस? खाणं किती घालायचं त्याची चिठ्ठी तू फ्रिजवर लावून गेला होतास, असं वहिनी सांगत होत्या. टाकी फुटली तर काय करायचं, ते त्या चिठ्ठीत नव्हतं. कसं असणार म्हणा! पण मग अंधारात, पायाखाली पाणी, वायरींची भीती, तळाशी दोन बोटं पाण्यात तडफडणारे मासे, अशा वेळी जो माणूस हाताला लागेल त्या चहाच्या गाळणीने एकेक मासा उचलतो, त्याला तू काय म्हणून शिक्षा करतोयस? त्याने काहीच केलं नसतं तर सकाळी तुला चौदाच्या चौदा खड्यांवर कोरडे मिळाले असते.

आणि एक गोष्ट सांगते, जी दादा तुला कधीच सांगणार नाही. परवा त्याचा मला फोन आला होता, वहिनींच्या आधी. तब्येतीची विचारपूस नाही, पावसाची चौकशी नाही. "क्लोरीन किती वेळात उडतं गं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, उघड्या भांड्यात चोवीस तास ठेव. तर म्हणाला, चार बादल्या भरून बाल्कनीत ठेवल्यात, वर जुनी मच्छरदाणी टाकलीय, कचरा पडू नये म्हणून. उरलेल्या तिघांना ठेवलेल्या टबात तू रोज जे पाणी घालतोयस ते कुठून येतं, याचा विचार केलास? नसशील केला. रागावलेला माणूस बादल्या मोजत नाही.

आता कारणाचं. टाकीच्या तळाची मागच्या कोपऱ्यातली सांध सुटली, असं कळलं. तुझी टाकी अडीच फूट लांब, फूटभर रुंद, पाणी सव्वा फुटाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ नव्वद लिटर. नव्वद किलो नुसतं पाणी, वर काच आणि खडे. एवढं ओझं त्या प्लायच्या टेबलावर रात्रंदिवस. प्लाय मध्यभागी केसभर जरी खचला तरी काच वाकत नाही, ताण सगळा सिलिकॉनवर येतो. टेबल एका बाजूला कललंय का, हे पाहायला ओळंबा-पातळी काही लागत नाही, टाकीतलं पाणीच सांगतं: वरच्या काठापासून पाण्याची रेघ डावीकडे आणि उजवीकडे सारख्या अंतरावर आहे का, एवढं पट्टीने मोजायचं. खाली थर्मोकोलचा पत्रा होता का? आणि शेवाळ खरवडताना ब्लेड कोपऱ्यात लागायचं का? मी विचारतेय ते कुणाला पकडायला नव्हे, पुढच्या वेळेसाठी.

कारण तू या प्रश्नांचा खटला करशील, अशी मला भीती आहे. बर्लिनमधली एका हॉटेलच्या लॉबीतली ती अवाढव्य नळकांडी टाकी आठवते? दहा लाख लिटर पाणी, सुमारे दीड हजार मासे. 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे ती फुटली आणि पाणी रस्त्यावर आलं. सुदैवाने पहाटेची वेळ, त्यामुळे माणसं जायची वाचली. तज्ज्ञांनी तुकडे गोळा करून पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यात तीन शक्यता मांडल्या: चिकटवलेला जोड सुटला असेल, किंवा दुरुस्तीच्या वेळी तळाशी खोक पडली असेल, किंवा त्या दुरुस्तीत टाकी फार काळ कोरडी राहिली असेल. यातली नेमकी कोणती, ते ठामपणे सांगता आलं नाही. तिथे ते झालं नाही आणि तू मात्र ठाण्यात बसून टाकीवाला, प्लायवाला, बाबा अशी आरोपींची यादी करतोयस.

टाकी दुरुस्त करायची म्हणत असशील तर माझा सल्ला: नको. आतल्या कडेची पट्टी सुटली असती तर गोष्ट वेगळी. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढून, काच स्पिरिटने पुसून नवं भरता येतं. जुन्यावर नवं चिकटत नाही आणि बाहेरून लिंपलेलं पाण्याच्या दाबाने सुटतं. पण दोन काचांमधला जोडच गेला असेल तर टाकी सुटी करून पुन्हा जोडावी लागते, आणि ते काचवाल्याचं काम. करशीलच, तर बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन आणू नकोस, आठवडाभर वाळू दे, आणि मग बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरून दोन-तीन दिवस बघ. कागद ओला झाला की निकाल लागला.

नवे मासे तर इतक्यात आणूच नकोस. तुला हौस आहे, दुकान जवळ आहे, आणि मित्र म्हणतच असतील, "अरे, मासेच तर आहेत, नवे आण!" (रविवारी पापलेट खाणाऱ्या घरात एंजलसाठी रडायचं नाही, असा नियम काही कुणी केलेला नाही. दोन्ही चालतं.) फिल्टरचा स्पंज त्या गोंधळात दोन दिवस कोरडा पडला, म्हणजे त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू गेले. ते पुन्हा वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टबात त्या तिघांचीच विष्ठा त्यांच्यासाठी विष आहे. म्हणून खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. रोज चौथा हिस्सा पाणी बदल. हवेचा पंप अखंड. टबावर जाळी ठेव, गुरामी उडी मारते. मीठ टाकू नकोस, कोरीला सोसत नाही. आणि कितीही जीव वैतागला तरी त्यांना तलावात सोडायला नेऊ नकोस. आपल्याकडच्या पाण्यात सकर मासे असेच कुणाकुणाच्या दयेने पोचले आणि आता तिथल्या माशांच्या मुळावर उठलेत.

शेजारच्या आजी म्हणाल्या म्हणे, "घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं." तू त्यांना उलट बोललास, तेही कळलं. शास्त्र म्हणून ते चूकच आहे. सिलिकॉनला घरावरची संकटं कळत नाहीत. पण त्यांना तुला बरं वाटावं असं काहीतरी म्हणायचं होतं आणि त्यांच्याकडे तेवढंच होतं. जाऊन बोलून ये.

तसंच खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे. त्यांच्या पीओपीवर डाग पडलाय. तिथे दादाला पाठवू नकोस, तूच जा. रंगाचा खर्च देतो म्हण, आणि त्या छताखालचा पंखा, दिवा इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय लावू नका, असं आधी सांग.

आता दादाशी काय बोलायचं, ते मी सांगणार नाही. माफी मागायला लावू नकोस, तो मागेल आणि मग तुलाच नको होईल. मला वाटतं, पाणी बदलताना बादलीचा दुसरा कान धरायला त्याला हाक मार. कोरी हवा कशी गिळते ते दाखव. त्याला हे माहीत नाही आणि त्याला अशा गोष्टी आवडतात. लहानपणी कृष्णेच्या घाटावर तासन्‌तास मासे बघत बसायचा, आई शोधायला जायची.

वहिनींना नमस्कार. टबाचं पाणी गढूळ दिसलं किंवा कोरी एकसारख्या वर यायला लागल्या तर पत्राची वाट न बघता फोन कर.

तुझी,
आत्या

ता. क. नवी टाकी येईल तेव्हा वायरींचं आधी बघ. प्रत्येक वायर बोर्डाच्या पातळीखाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही. त्या रात्री दादाने आधी मेन स्विच पाडला आणि मगच पाण्यात पाय घातला. हेही तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.