स्त्रीशक्ती आणि एकांतसाधना
(गीता, अध्याय १०, श्लोक ३४ च्या अनुषंगाने)

विभूतियोगाच्या चौतिसाव्या श्लोकापाशी नित्यपाठ करणारा मनुष्य बहुधा थांबत नाही. भगवंत तेथे प्रथम स्वतःस सर्व हरण करणारा मृत्यू म्हणवितात, मग पुढे होणाऱ्यांचा उद्भव म्हणवितात, आणि लगेच सांगतात की, स्त्रियांच्या ठायी मी सात रूपांनी आहे : कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. प्राचीन टीकाकारांनी या सातांस देवता मानिले. पुराणांत त्यांतील कित्येक दक्षाच्या कन्या व धर्माच्या पत्नी म्हणून येतात. आचार्य विनोबा भावे यांनी मात्र समाजाला धारण करणाऱ्या स्त्रीशक्ती या दृष्टीने त्यांचे स्वतंत्र विवेचन केले.

आपण गृहस्थ या सातांपैकी कोणती शक्ती घरात बोलून दाखवितो, हे वाचकांनी प्रांजळपणे आठवून पाहावे. बहुतेक घरांत सातवी. सुनेने क्षमा करावी, पत्नीने क्षमा करावी, मुलीने सोसावे. तिसरी जी वाणी आणि पाचवी जी मेधा, त्यांची आठवण क्वचितच होते. परंतु श्लोकात क्षमा शेवटी आहे आणि तिच्या मागे धृती उभी आहे. धृतीविना क्षमा म्हणजे केवळ निरुपाय.

धृतीचे तीन प्रकार अठराव्या अध्यायात (श्लोक ३३ ते ३५) स्पष्ट केले आहेत. मन, प्राण व इंद्रिये यांच्या क्रिया योगाने अढळ धारण करते ती सात्त्विक. फलाच्या आशेने धर्म, अर्थ व काम धरून ठेवते ती राजस. आणि जिच्यामुळे मनुष्य निद्रा, भय, शोक, विषाद व मद सोडीत नाही, ती तामस. हा तिसरा प्रकार नीट वाचावा. भय आणि शोक घट्ट धरून बसणे हीही एक प्रकारची धृतीच आहे! पुष्कळ स्त्रियांच्या ज्या सोशिकपणाची आपण वाखाणणी करितो, त्यात सात्त्विक धृती किती आणि भयाने धरलेली तामस धृती किती, याचा निवाडा बाहेरून होत नाही. तो ज्या त्या स्त्रीने स्वतः करावयाचा असतो, आणि त्यासाठी तिला निवांत वेळ व निवांत जागा लागते.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची साधने सांगताना एकांतस्थानी राहण्याची आवड हे एक साधन गणले आहे (श्लोक १०). ते केवळ पुरुषांसाठी आहे असे तेथे म्हटलेले नाही. तथापि त्याच्या आदल्याच श्लोकात पुत्र, दारा व गृह यांच्या ठायी अनासक्ती सांगितली आहे. मग साधिकेने ‘दारा’ या शब्दाच्या ठिकाणी काय वाचावे? प्रश्न साधा दिसतो, पण ऐकणारा पुरुषच आहे असे गृहीत धरून शतकानुशतके निरूपण होत आले, ही गोष्ट तो उघड करितो. स्त्रियांमधून शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानवैराग्यसंपन्न व्यक्ती निर्माण झाल्याखेरीज स्त्रीचा खरा उद्धार होणार नाही, असे विनोबा म्हणत, ते याच जाणिवेतून.

ते केवळ म्हणून थांबले नाहीत. वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्वतः तेव्हा ते भूदानपदयात्रेत होते. आजवर साधना बहुतांशी एकेकट्याने झाली, ती सामूहिक व्हावी, आणि तिचे सूत्र ब्रह्मचारिणी स्त्रियांच्या हाती असावे, हा हेतू. तेथे कोणी मठाधिपती नाही. निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. स्वयंपाक, सफाई, शेत ही कामे भगिनी स्वतः करितात. ईशावास्य, विष्णुसहस्रनाम व गीता यांचा पाठ होतो. ‘मैत्री’ हे हिंदी मासिकही तेथील भगिनींनी चालविले. पुढे १९७० साली क्षेत्रसंन्यास घेऊन विनोबा तेथेच राहिले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेविला. ज्या ‘गीताई’ने मराठी घराघरांत गीता नेली, तिचे मूळही एका स्त्रीच्या मागणीत आहे. संस्कृत गीता कळत नाही, म्हणून विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी ती मराठीत मागितली. ग्रंथ झाला तेव्हा त्या हयात नव्हत्या.

वंगदेशात स्वामी विवेकानंदांच्या इच्छेस अनुसरून १९५४ साली दक्षिणेश्वरी श्रीसारदा मठ निघाला आणि १९५९ पासून तो संन्यासिनींच्या स्वतंत्र व्यवस्थेखाली चालू लागला. शिर्डीजवळील साकोरी येथे कन्या वेदपठण व यज्ञ करितात.

अलीकडे ‘सबलीकरण’ हा शब्द फार ऐकू येतो. त्याच्या रचनेत एक अडचण आहे : सबल करणारा कोणी दुसरा असावा असे त्यात गृहीत आहे. सहाव्या अध्यायाचा पाचवा श्लोक उद्धाराचे कर्तेपण स्वतःकडेच देतो. म्हणून स्त्रियांसाठी निघणाऱ्या आजच्या साधना-शिबिरांस एकच कसोटी लावावी. परत आलेली स्त्री स्वतःच्या विवेकावर अधिक उभी आहे, की नव्या कोणाच्या शब्दावर अवलंबून झाली आहे? डोंगरावरील आलिशान निवास, भारी शुल्क आणि ‘तुमच्यातील देवी जागवा’ अशी घोषणा, एवढ्याने एकांत घडत नाही. परंतु अशी काही शिबिरे उथळ आहेत, म्हणून घरातील स्त्रीस कोठेच जाऊ न देणे, हा तर्क आपल्या सोयीचा आहे, धर्माचा नव्हे.

हे मी स्वानुभवाने लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने आठ दिवसांच्या एका साधना-शिबिरास जाण्याची इच्छा दर्शविली. मी नाही म्हटले नाही, “आईचे कोण पाहील?” एवढेच विचारले. नकार देण्याची ही सभ्य रीत मला पूर्वीपासून अवगत होती. आई आतल्या खोलीतून म्हणाली, “मला पंढरीला जायचे होते, तेव्हा तुझ्या वडिलांनीही हेच विचारले होते. त्या वेळी माझ्या सासूबाई होत्या. जाऊ दे तिला.” आई त्यानंतर पंढरपुरास गेलीच नव्हती, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. पत्नी गेली. आईची औषधे कोणती व केव्हाची, हे मी त्या आठ दिवसांत प्रथम शिकलो.

ती परतल्यावर घरात काही चमत्कार झाला नाही. पहाटे अर्धा तास ती दार लावून बसते. त्या वेळात हाक मारली, तर उत्तर येत नाही. आरंभी मला राग येई. त्या रागाचे मूळ पाहू लागलो, तेव्हा वरील पुत्र-दारा-गृहाच्या श्लोकाचा अर्थ मला, म्हणजे पुरुष वाचकाला, थोडासा कळू लागला. कार्तिकात आम्ही आईस पंढरपुरी नेले. तिला चालवत नव्हते. कळसाचे दर्शन घेऊन ती वाळवंटात बसून राहिली.

या श्लोकाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी दहाव्या अध्यायाचा चौतिसावा श्लोक, तेराव्याचे सात ते अकरा आणि अठराव्याचे तेहतीस ते पस्तीस हे श्लोक एकत्र वाचावेत. वाचन घरातील स्त्रीने करावे, अर्थही प्रथम तिनेच सांगावा, आणि तो पुरा होईपर्यंत इतरांनी मध्ये बोलू नये.