मारुती ८००ची होडी : एअरबोटला इंजिन कसं निवडायचं?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीत टेक्निकल लेख लिहायचा म्हणजे मला फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हाहून जास्त घाम फुटतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या, आकडेमोडीच्या चुका मात्र अजिबात सोडू नका!

आमचं गाव वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. गावातली चक्राकार बारव बघायला आता लांबून लोक येतात. आमच्या गावाला पाण्याची आठवण येते ती बहुतेक वेळा पाणी नसल्यामुळे. पण सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला परभणी-हिंगोलीत जो पाऊस झाला, तेव्हा उलटं घडलं. माझे काका रात्री शेतातल्या आखाड्यावर होते. ओढ्याचं पाणी चहूबाजूंनी आलं आणि काका पत्र्यावर चढून बसले. मदतीला एक बोट आली, पण तिचा प्रोपेलर पाण्याखाली फिरणारा. ओढ्याकाठच्या बेशरमाच्या फांद्या आणि कुंपणाची तार त्यात गुंतली आणि बोट अर्ध्यातूनच माघारी फिरली. पहाटे पाणी उतरल्यावर काका सुखरूप आले. बैलजोडी आली नाही. दोन्ही बैल दाव्याला बांधलेले होते.

पुढच्या वर्षी मिनी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला वेगळं काही सुचलंच नाही. पाण्यात काहीच फिरत नाही अशी बोट, म्हणजेच एअरबोट.

एअरबोट म्हणजे काय?

तळ सपाट, आणि मागच्या बाजूला पिंजऱ्यात विमानासारखा मोठा पंखा. पंखा हवा मागे ढकलतो, बोट पुढे जाते. पाण्याखाली ना प्रोपेलर, ना सुकाणू. वळायचं तर पंख्यामागच्या उभ्या पट्ट्या वळवायच्या. जलपर्णी असो, बेशरम असो की वीतभर पाणी असो, अडकायला खाली काही नाहीच. कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०५ साली कॅनडात विमानाच्या इंजिनांची चाचणी घेण्यासाठी अशी एक बोट केली होती. फ्लोरिडाच्या दलदलीत आजही अशा बोटी धावतात, आणि २००५च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांना वाचवायला त्या वापरल्या गेल्या. तिकडे विमानाचं नाहीतर मोटारीचं मोठं व्ही-८ इंजिन बसवतात. आपल्याकडे व्ही-८ कुठून आणायचं? आमच्या वाड्यात चाकं काढून ठेवलेली जुनी मारुती ८०० होती, आणि काकांच्या मित्राकडे काळी-पिवळी जीपचं डिझेल इंजिन.

ग्रुपमधली पोरं एका सुरात म्हणाली, "जीप! तिचा टॉर्क बघ ना." मलाही तेच वाटलं होतं. इथेच आमची पहिली चूक झाली.

पायरी १ : घोडे नाही, रेटा मोजा

बोटीला ढकलते ती अश्वशक्ती नाही, तर थ्रस्ट, म्हणजे रेटा. जागेवर उभ्या असलेल्या बोटीसाठी आदर्श पंख्याचं गणित असं : रेट्याचा घन = २ × हवेची घनता × पंख्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ × शक्तीचा वर्ग.

मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन ५००० फेऱ्यांच्या आसपास साधारण ३७ अश्वशक्ती देतं, म्हणजे २७.६ किलोवॅट. त्यातले सतत वापरायला आम्ही २० किलोवॅट धरले. पंख्याचा व्यास १.५ मीटर, हवेची घनता १.१. उत्तर येतं साधारण ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो. खरा पंखा आदर्श नसतो, म्हणून ७० टक्के धरले : ८३ किलो.

आता या सूत्रातली गंमत बघा. शक्ती दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, १.६ पटच होतो. उलट त्याच शक्तीत पंखा १ मीटरचा लावला तर ८३चे ६३ होतात. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या मागे लागण्याआधी मोठा पंखा बसतो का ते बघा. तिथे रेटा जवळजवळ फुकट मिळतो.

पायरी २ : फेऱ्या कमी करा

पंखा थेट क्रँकशाफ्टवर का लावत नाही? १.५ मीटरचा पंखा ५००० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ३९३ मीटर होतो. आवाजाचा वेग साधारण ३४५. टोकं आवाजाला मागे टाकायला लागली की रेटा पडतो, कानठळ्या बसतात आणि पात्यावर भलता ताण येतो. आम्ही दाते असलेल्या पट्ट्याने फेऱ्या निम्म्या केल्या. इंजिन ४०००, पंखा २०००, टोक १५७ मीटर.

पट्ट्याचे आणखी दोन फायदे. एक, इंजिन खाली तळाशी ठेवता येतं आणि पंखा वर. जड वस्तू वर गेली की बोट कलंडायला वेळ लागत नाही. दुसरा, पंख्याचा रेटा वेगळ्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. मोटारीचा क्रँकशाफ्ट असा ओढा सहन करायला बनवलेलाच नसतो.

पायरी ३ : डिझेलचा टॉर्क का कामाला येत नाही?

जीपचं इंजिन कमी फेऱ्यांना जोर देतं, ही त्याची ख्याती. चिखलात रुतलेली काळी-पिवळी त्यानेच निघते. पण पंखा म्हणजे चाक नव्हे. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेऱ्या निम्म्या झाल्या की एक-अष्टमांश शक्ती पुरते. म्हणजे कमी फेऱ्यांना पंखा जोर मागतच नाही!

आणि वजन? मारुतीचं इंजिन आम्ही बांबूला बांधून हलवलं. जीपच्या इंजिनाला चेनब्लॉक लागला. हिशेब असा केला : शक्ती दीडपट धरली तर रेटा १.३ पट, आणि वजन १२० किलोने जास्त. ते बोटीच्या एकूण वजनात मांडलं तेव्हा रेटा आणि वजनाचं गुणोत्तर होतं तिथेच राहिलं. मिळालेला सगळा फायदा इंजिनाने स्वतःलाच वाहून नेण्यात खाल्ला.

सरांनी बुलेटचाही विचार करायला सांगितलं होतं. ३५० सीसीला अश्वशक्ती वीसच्या आसपास, आणि थंड होण्यासाठी समोरून वारा हवा. बाद. झेनचं ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन (सुरुवातीला ५० अश्वशक्ती) सगळ्यात आवडलं असतं. त्याने रेटा २२ टक्क्यांनी वाढला असता. पण ते आमच्याकडे नव्हतं. ८०० होती, तीही कार्ब्युरेटरवाली. पाण्याने बिघडेल असा कॉम्प्युटर तिच्यात नाही, आणि सेलूतला कुठलाही मिस्त्री ती डोळे झाकून उघडतो. २०१४ पासून ही गाडी बनत नाही, तरी तिचे पार्ट अजून मिळतात. (आरसी आरटीओत रद्द करून घ्यायला विसरू नका.)

पायरी ४ : सतत घाट

ही चूक फक्त माझी. ट्रॉलीवर स्टँड केला, ट्रॉली कडुनिंबाला स्प्रिंग-काट्याने बांधली आणि इंजिन चालू केलं. सहाव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल! रेडिएटर गाडीचाच होता, मग असं का? कारण सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी ८०० दहाच्या आतच अश्वशक्ती वापरते. एअरबोट म्हणजे तासभर घाट चढत राहणारी गाडी. म्हणून तर कागदावरची पूर्ण शक्ती कधी धरायची नसते. दुसरा रेडिएटर जोडला, दोन्ही पंख्याच्या ओढीत बसवले, मग काटा जागेवर राहिला.

काट्यावर रेटा भरला ७४ किलो. कागदावर ८३ होता, तेव्हा आम्ही खूश.

पायरी ५ : खरं उत्तर

आता बेरीज. बोटीचा सांगाडा १२० किलो, इंजिन-पट्टा-रेडिएटर-पिंजरा मिळून १५०, पेट्रोल-बॅटरी-दोर २५, दोन माणसं १३०. एकूण ४२५. बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरायला लागण्यासाठी वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा रेटा हवा, असं आम्ही धरलं होतं. ४२५चा पाचवा हिस्सा ८५. आपल्याकडे ७४. एकच माणूस बसला तर वजन ३६०, हवे ७२. जमतं, पण काठावर.

म्हणजे एवढं सगळं करून आमची बोट एका माणसाची! रिपोर्टमध्ये "रेस्क्यू बोट" लिहिलं होतं, ते मी खोडलं आणि "दोर पोचवणारी बोट" असं लिहिलं. एक माणूस दोर घेऊन जाईल, पलीकडे बांधेल, मग दोराच्या आधाराने साधी बोट ओढता येईल. ग्रुपमधल्या दोघांना हे आवडलं नाही. पण जी बोट चार जणांना घेऊन मध्येच थांबते, ती नसलेलीच बरी.

दिवाळीत घरी काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "एकच जण बसतंय व्हय?" मी म्हटलं, "हो काका, सध्या एकच." जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दावं सोडायला एक जण आला असता, तरी बास होतं गं."

इंजिन निवडायची पद्धत मला त्या वाक्यात सापडली. बारव बांधणाऱ्यांनी आधी पाणी किती खोल आहे ते पाहिलं असणार, पायऱ्या नंतर. आपण मात्र आधी इंजिन धरतो आणि मग त्याला काम शोधतो. आधी विचारा, कुणापर्यंत पोचायचं आहे आणि काय घेऊन. मग वजन, मग रेटा, मग पंखा, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

बोट अजून पाण्यात उतरलेली नाही. पिंजऱ्याची जाळी पूर्ण झाल्याशिवाय उतरवायची नाही, असं सरांनी बजावलंय आणि ते बरोबर आहे. स्टँड वर्कशॉपच्या मागे आहे. ज्युनिअर्सनी जरूर येऊन बघावा. फक्त इंजिन चालू असताना पात्यांच्या रेषेत उभं राहू नका!