घरावरची कौले

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एक बाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. त्यांचे यजमान चाकणला कारखान्यात कामाला. इतकी वर्षे पिंपरीत पत्र्याच्या खोलीत काढली. आता चाकण-तळेगाव रस्त्याजवळ एका बंगल्यांच्या वसाहतीत त्यांनी दोन गुंठे जागा घेतली. भिंती उभ्या राहिल्या. छपराची वेळ आली. ठेकेदाराने एक चकचकीत तपकिरी कौल आणून दाखवले. दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, सोसायटीचा हा कागद मला अर्धा कळतो, अर्धा कळत नाही. तेवढं बघू या का?"

आम्ही म्हटले, "तुम्हीच वाचा. अडाल तिथे आम्ही आहोत."

बाई बोट ठेवून वाचू लागल्या. छप्पर उताराचे असावे. कौले भाजलेल्या मातीची, तांबूस रंगाची व चकाकीविरहित असावीत. खरेदीपूर्वी नमुना समितीस दाखवून लेखी संमती घ्यावी. 'चकाकीविरहित' या शब्दापाशी त्या थांबल्या. आम्ही तो शब्द फळ्यावर तोडून लिहिला. चकाकी, विरहित. विरहित म्हणजे नसलेले. बाईंनी शब्द पुन्हा जोडून वाचला आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे ते चकचकीत कौल चालायचंच नाही. चढवलं असतं तर उतरवायला लावलं असतं!"

विसार वाचला. पण मग कोणते कौल घ्यायचे? आणि आपल्या पैशाने बांधलेल्या घरावर काय घालावे हे दुसऱ्याने का सांगावे? वर्गात यावरून बराच वाद झाला.

हे असे नियम आपल्या भागाला नवे नाहीत. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडीकडे त्याने आखीव पेठा वसवल्या आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. पट्टा घेणाऱ्याला बांधकामाच्या अटीही पाळाव्या लागत. ते प्राधिकरण २०२१ साली विसर्जित झाले. त्याचे काम महानगरपालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्याकडे वाटून गेले. लोकांच्या तोंडी मात्र 'प्राधिकरणात राहतो' हे अजून आहेच.

इथे एक घोळ नेहमी होतो. सरकारी परवानगी वेगळी आणि वसाहतीची संमती वेगळी. नकाशा मंजूर करणारे कार्यालय शेजाऱ्यापासून किती जागा सोडली, किती बांधले, किती उंच नेले हे पाहते. त्यासाठी २०२० साली राज्याच्या बहुतेक भागाला एकच नियमावली लागू झाली. छपराचा रंग, कुंपणाची उंची अशा गोष्टी वसाहतीच्या कागदात असतात. जागा घेताना आपण त्यावर सही केलेली असते. सही करताना कोण वाचतो! बाईंच्या यजमानांनीही वाचले नव्हते. एकीकडची मंजुरी मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे समजू नये.

आमच्या मते या वसाहतीचा नियम अगदीच वाईट नाही. एका रांगेतली घरे एका रंगाची दिसली तर बरी दिसतात. पण चकाकीला इतके का भ्यावे, ते आम्हांलाही नीटसे पटलेले नाही.

आता कौलांकडे वळू. पूर्वी गावोगावचे कुंभार चाकावर मातीची नळी काढत आणि ती मधोमध चिरून दोन कौले करत. ती आपली नळीची कौले. एक उताणे, एक पालथे अशी ती घालत. ती हलतात, माकडे आणि मांजरे ती सरकवतात, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारावे लागे. पुढे १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला यंत्राने कौले दाबण्याचा कारखाना काढला. एकात एक अडकणाऱ्या चपट्या कौलांची ही रीत युरोपातून आली होती. माती नेत्रावती नदीकाठची. ही कौले गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली आणि कोकणात व मुंबईला पोचली. पुढे दुसऱ्या ठिकाणीही ती होऊ लागली, पण नाव राहिले मंगलोरी. जुने कौल पालथे करून बघा, कारखान्याचे नाव उठवलेले दिसेल. वाचायच्या सरावाला ते छान.

मंगलोरी कौलासाठी भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक ६५४. पण बाजारात उभे राहिल्यावर मानक हाताशी नसते. तेव्हा काय करायचे? बाई, त्यांचे यजमान आणि आम्ही दोघे मिळून कौलांच्या वखारीत गेलो. आधी एक कौल हातात लोंबते धरून बोटाच्या पेराने वाजवले. चांगले भाजलेले कौल खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर कच्चे किंवा तडकलेले. मग सपाट फरशीवर ठेवून पाहिले. डगमगते ते वाकडे. वाकडे कौल शेजारच्या कौलात बसत नाही आणि त्या फटीतून पाणी येते.

तिसरी परीक्षा घरी केली. दोन ढिगांतून एकेक कौल आणले. किराणा दुकानाच्या काट्यावर ती कोरडी वजन केली, एक दिवस एक रात्र पाण्यात बुडवून ठेवली, पुसून पुन्हा वजन केली. पहिले कौल अडीच किलो होते, ते २ किलो ८५० ग्रॅम झाले. म्हणजे ३५० ग्रॅम पाणी प्याले. शेकडा १४. दुसरे २ किलो ४०० ग्रॅम होते, ते २ किलो ९५० ग्रॅम झाले. शेकडा जवळजवळ २३! कौल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी पीत असेल तर ते घेऊ नये, असा ढोबळ हिशेब धरावा. ते पाझरते, शेवाळते, आणि छपराचा भारही वाढवते. दुसरा ढीग स्वस्त होता. यजमानांचा जीव त्यातच अडकला होता. वजन पाहिल्यावर ते काही बोलले नाहीत.

पत्र्याचेही सांगितले पाहिजे. कौलासारखे दाबलेले रंगीत लोखंडी पत्रे हल्ली मिळतात. हलके, स्वस्त, झटपट. पण पावसात फार वाजतात आणि चैत्र-वैशाखात खाली भट्टी होते. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते. शिवाय या वसाहतीत ते चालणारच नव्हते. आणि जुन्या खोलीवर सिमेंटचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर उतरवताना ते फोडू नका, कापू नका. त्यांची धूळ छातीत जाऊन बसते आणि पुढे कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा जिवघेणा रोग होऊ शकतो. ओले करून, तोंड बांधून, अखंड उतरवावेत. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

कौले किती लागतील? ठेकेदाराने हिशेब दिला होता १२२५. शंभर चौरस फुटाला दीडशे कौले लागतात, हे त्याचे बरोबर. घर ३० फूट लांब, २० फूट रुंद. चहूकडे दोन फूट वळचण. म्हणजे छप्पर ३४ गुणिले २४, एकूण ८१६ चौरस फूट. पण हे झाले जमिनीवरचे माप. छप्पर तर उतरते आहे! दोन फूट गेल्यावर एक फूट चढ, म्हणजे बारा फुटांच्या पाख्याला सहा फूट चढ. तिरपे माप भरते १३ फूट ५ इंच. दोन्ही पाखे मिळून सुमारे ९१२ चौरस फूट. कौले १३६८. फुटतुटीची शंभर धरा, आढ्यावरची निराळी. ठेकेदाराच्या हिशेबाने दीडशेच्या आसपास कमी पडली असती, आणि मागाहून आणलेली कौले रंगाने कधी जुळत नाहीत.

१३६८ कौलांचे वजन होते ३४ क्विंटल. पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. हा भार वाशांनी आणि भिंतींनी पेलायचा असतो. तेव्हा वासे किती जाड, किती अंतरावर, हे जाणत्या इंजिनिअरला विचारूनच ठरवावे. रिपांमधले अंतर मात्र कौल हातात घेऊन मोजावे. चाकणकडे उन्हाळी वळवाचे वारे जोराचे असतात, म्हणून कडेच्या ओळींची कौले मागच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधून घ्यावीत. आणि वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देऊ नये, पन्हळ लावावी. भांडणे तिथूनच सुरू होतात.

एक गोष्ट राहिली. बाईंच्या सासूबाई खेड तालुक्यातल्या. गावचे घर पडले तेव्हा त्यांनी चारशे नळीची कौले उतरवून ठेवली होती. त्यांच्या सासऱ्यांच्या हातची ती कौले. "नव्या घरावर माझी कौलं नाहीत तर ते घर कुणाचं?" असे त्या म्हणत. सून समजावून थकली. कौले मातीचीच आहेत, तांबूस आहेत, चकाकी नाही. मग नियम मोडतो कुठे? आम्ही म्हटले, "विचारायला काय हरकत आहे? पण लेखी विचारा."

अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. चार ओळींचा. मागल्या पडवीवर नळीची कौले घालण्यास संमती मिळावी, सोबत एक कौल नमुन्यास जोडले आहे. 'नमुन्यास' मधला उकार दोनदा खोडला. समितीने आठ दिवसांनी उत्तर दिले. मागल्या बाजूस, रस्त्यावरून न दिसेल अशी, चालतील. पुढच्या ओसरीवर नाहीत.

सासूबाईंना अर्धेच पटले. पण जेवण झाले की त्या पडवीतच खाट टाकतात. उरलेली मंगलोरी कौले भिंतीशी उभी रचून ठेवली आहेत. आडवी रचली तर खालची फुटतात.