सभेत कोण बोलले नाही?

वाचनासाठी : प्रेषितांची कृत्ये 6:1-7 आणि 15:6-31



सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया भागात खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. कोणी मागावर, कोणी डाईंग मिलमध्ये, तर कोणी कापड बाजारात काम करतो. आम्हीही काही वर्षे बाजारातील एका दुकानात हिशेब लिहीत होतो. एकदा दिवाळीपूर्वी शेठजींनी सर्वांची मिटिंग घेतली. तासातील पन्नास मिनिटे तेच बोलले. शेवटी, "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे त्यांनी म्हटले. सर्व गप्प. जिन्यात पार्सले रचल्यामुळे पाय ठेवायला जागा उरली नव्हती, हे नंदुरबारकडच्या एका तरुण हमालाला ठाऊक होते; पण त्याला गुजराती नीट बोलता येत नव्हते. आम्हाला येत होते, तरी आम्ही त्याच्यासाठी तोंड उघडले नाही. चार दिवसांनी गाठोडे घेऊन उतरताना तो त्याच जिन्यावर पडला आणि त्याचा पाय मोडला. सभा शांततेत पार पडली होती, पण सफल झाली नव्हती.

अध्याय 6 मध्येही भाषेचाच प्रश्न आहे. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती. बारा जणांनी ती कुरकुर दाबून टाकली नाही. त्यांनी सर्वांना बोलावून तोच एक प्रश्न समोर ठेवला व सात माणसे निवडण्यास सांगितले. त्या सातांची नावे पाहा. सर्व ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातीलच माणसांवर काम सोपवले गेले.

यावरून सभा चालवणाऱ्याने चार गोष्टी शिकाव्यात.

1. एका सभेपुढे एकच मुख्य प्रश्न असावा. तो आदल्या दिवशी सर्वांना कळवावा.

2. प्रमुखाने शेवटी बोलावे. अध्याय 15 मध्ये याकोबाने पेत्राचे, बर्णबाचे व पौलाचे ऐकून घेतले आणि मग आपले मत दिले. शेठ आधी बोलला की नोकर फक्त मान डोलावतो.

3. गप्प बसलेल्याला नावाने आणि त्याच्या भाषेत विचारावे.

4. ठरलेले काम कोणी व केव्हापर्यंत करायचे ते लिहावे. यरुशलेमेच्या सभेने पत्र लिहिले, शिवाय ते समजावून सांगण्यास यहूदा व सीला यांना पाठवले.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही 100 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कार्यसमितीची तरतूद होती. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, असा नियम होता. ऐकून घेणे ही मेहेरबानी नव्हे, हेच त्यातून दिसते.

जिन्यातील पार्सल ही क्षुल्लक बाब वाटेल. पण याच शहरात जानेवारी 2020 मध्ये रघुवीर बाजाराला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये शिवशक्ती बाजाराला मोठी आग लागली. अशा वेळी मोकळा जिना म्हणजे जीव.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात व शिक्षकांच्या सभेतही पुढील प्रश्नांवर विचार करावा :

1. मागील सभेत कोण बोलले नाही? का?

2. त्या सभेत ठरलेले कोणते काम आज कोणाच्याच नावावर नाही?

3. दुसऱ्याची अडचण ठाऊक असून आपण कोठे गप्प राहिलो?