परसबागेतील घायपात : थंडीची तयारी पावसाळ्यात

आपल्याकडे शेताच्या बांधावर व रेल्वेच्या कडेने वाढणारे घायपात कोणास अपरिचित नाही. मराठवाड्यात यासच केकताड म्हणतात. याच्या पानांपासून निघणाऱ्या वाखाचे दोर, दावी, कासरे व शिंकी वळण्याचा व्यवसाय गावोगावचे कारागीर, विशेषतः मातंग समाजातील, पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पुढे कृत्रिम धाग्याचे दोर स्वस्त झाले आणि या वनस्पतीकडे दुर्लक्ष झाले. आता मात्र कमी पाण्यावर टिकणारे शोभेचे झाड म्हणून तिला परसबागेत पुन्हा स्थान मिळत आहे. परंतु हौसेने लावलेली झाडे हिवाळ्यात बसतात व मालक थंडीला दोष देतो. हा दोष पुष्कळदा चुकीच्या जागी दिला जातो, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

थंडी किती व कोणती

परभणी–जिंतूर मार्गावरील बोरी व भोवतालच्या गावांत डिसेंबर-जानेवारीमध्ये काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. मनुष्यास ही थंडी कडक वाटते. घायपाताच्या काटक जातींना ती फारशी नव्हे. ही वनस्पती मूळची मेक्सिको व त्यालगतच्या कोरड्या प्रदेशातील आहे. तेथील उंच पठारांवर रात्री पाणी गोठते, तरी ती तग धरते. मात्र तेथील जमीन खडकाळ असून पाणी क्षणात निचरून जाते. आपल्याकडे जमीन काळी, चिकण व ओल धरून ठेवणारी आहे. जून ते सप्टेंबर मुळे ओलीत राहिली, की बुंधा आतून सडू लागतो. वाढ मंदावलेल्या हिवाळ्यात ही सड उघडकीस येते. अर्थात झाड मरते पाण्याने आणि नाव होते थंडीचे.

याचे कारण वनस्पतीच्या रचनेत आहे. घायपात आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेते व रात्री उघडते. त्यामुळे बाष्पीभवन फार कमी होते आणि जाड पानांत पाणी साठून राहते. जे झाड पाणी खर्च करीत नाही, त्यास वारंवार पाणी देणे म्हणजे त्याच्या मुळांशी डबके करणे होय.

जातींची निवड

(१) *ॲगेव्ह अमेरिकाना* : पाने दीड ते दोन मीटर लांब, कडांना काटे. गोठणबिंदूच्या बऱ्याच खालची थंडीही कोरड्या जमिनीत सोसते. जागा ऐसपैस असेल तरच लावावी.

(२) *ॲगेव्ह सिसालाना* : वाखासाठी प्रसिद्ध. हिमतुषारास नाजूक, परंतु आपल्या हिवाळ्यात सहसा टिकते.

(३) *ॲगेव्ह पॅरीआय* व *ॲगेव्ह व्हिक्टोरिया-रेजिनी* : आटोपशीर, देखण्या व अतिशय काटक. तथापि पावसाळ्याची ओल यांना मुळीच सोसत नाही. यांची रोपे महाग मिळतात, म्हणून ती कुंडीत लावून पावसाळ्यात छपराखाली, उजेडाच्या जागी ठेवावीत.

(४) *ॲगेव्ह ॲटेन्यूएटा* : बिनकाट्याची, म्हणून लहान मुले असलेल्या घरास सोयीची. थंडी व दुपारचे कडक ऊन या दोहोंपासून हिला आडोसा द्यावा.

जागा व जमीन

जागा उघडी, उन्हाची व चढाची निवडावी. वळचणीखाली, जेथे पागोळ्यांचे पाणी पडते, तेथे घायपात लावू नये. मोरीचे व न्हाणीचे पाणी केळी-अळूकडे वळवावे. घायपाताकडे कदापि नाही.

काळ्या जमिनीत खड्डा घेऊन त्यात मुरूम भरणे ही सामान्य चूक होय. भोवतालच्या चिकण मातीमुळे असा खड्डा पाण्याची कुंडी बनतो. त्याऐवजी जमिनीवर सुमारे ४५ सेंटिमीटर उंच व सव्वा मीटर रुंद उंचवटा करावा. त्यासाठी दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू व एक भाग पोयट्याची माती घ्यावी. शेणखत अगदी थोडे व पूर्ण कुजलेले असावे.

लागवड

मातृवृक्षाच्या बुडाशी मुनवे फुटतात. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळांसह अलग करावेत, कापलेली जागा सावलीत पाच ते सात दिवस सुकू द्यावी व नंतर अर्धवट सावलीत कुंडीत रुजवावेत. जूनच्या आरंभी उंचवट्यावर लावावेत. बुंधा मातीत गाडू नये. भोवती खडी पसरावी. सिसालानाच्या फुलांच्या दांड्यावर लहान रोपांसारख्या कंदिका येतात. त्या वर्षभर वाफ्यात वाढवून मग लावाव्यात. 1893 मध्ये रिचर्ड हिन्डोर्फ यांनी पूर्व आफ्रिकेत आणविलेल्या कंदिकांपैकी केवळ ६२ जगल्या. त्यांतूनच तेथील अफाट सिसाल लागवड उभी राहिली. म्हणून चार निरोगी मुनवे हातात असता रोपांचा तुटवडा मानण्याचे कारण नाही.

पाणी व हिवाळ्यातील निगा

पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी थोडे पाणी द्यावे. ऑगस्टनंतर नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने पाने लुसलुशीत होऊन थंडीस बळी पडतात. नोव्हेंबरपासून जमिनीतील झाडांचे पाणी पूर्ण थांबवावे. कडाक्याच्या रात्री फक्त कोवळ्या रोपांवर कोरडे गोणपाट टाकावे व सकाळी काढावे.

पान थंडीने काळवंडले, तर ते लगेच कापू नये. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबावे. परंतु मधला कोंब हाताने सहज उपटून आला व दुर्गंध आला, तर ती सड समजावी. असे झाड खणून नष्ट करावे, निरोगी मुनवे वेगळे काढावेत व त्याच जागी पुन्हा लागवड करू नये.

सावधगिरी

मोठ्या जाती येण्याजाण्याच्या वाटेपासून व गोठ्यापासून निदान दोन मीटर दूर असाव्यात. पानांच्या टोकाचे काटे मुलांच्या व जनावरांच्या डोळ्यांस अपाय करतात. रसाने कातडीस खाज व पुरळ येतो, म्हणून छाटणी करताना हात झाकावेत.

अनेक वर्षांनंतर मधून उंच दांडा निघून फुले येतात व ते झाड वाळते. हा रोग नव्हे. त्याचे आयुष्य पूर्ण झाले असे समजावे. बुडाशी मुनवे असतातच.

सारांश, घायपाताचा हिवाळा जूनमध्येच ठरतो. ज्याने उंचवटा केला व मोरीचे पाणी वळविले, त्यास जानेवारीच्या रात्री चिंता करण्याचे कारण उरत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बागायतदाराने आपल्या परसातील पाणी कोठे साचते, एवढे एकदा पाहून ठेवावे.