पंप घरात आहे, पण औषध छातीत जातंय का?



मागच्या महिन्यात भोकर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक मावशी बचत भरायला आल्या, त्या वाटेत दोनदा टेकूनच. "वय झालं माय, दम लागायचाच," म्हणाल्या. पिशवीत त्यांचा पंप होता. पण पंपात टाकून ओढायची कॅप्सूल त्या रोज पाण्यासोबत गिळत होत्या! औषध मिळालं होतं, पण घ्यायचं कसं हे कुणी करून दाखवलं नव्हतं. मी दोन वर्षं त्यांना भेटते, मीही कधी विचारलं नाही. म्हणून यावेळी हा धडा.

हा आजार काय आहे?
मावशींना सीओपीडी आहे. यात श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात. हा फक्त विडी ओढणाऱ्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हेच मांडलं, की चुलीचा धूरही याचं मोठं कारण आहे. आपण पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या जाळतो, तो धूर वर्षानुवर्षं छातीत जातो.

दम रक्त कमी असल्याने किंवा हृदयाच्या त्रासानेही लागतो. म्हणून अंदाज बांधू नका, डॉक्टरांना दाखवा. फुंकून करायची एक तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या.

कॅप्सूलचा पंप असा घ्या
1. कॅप्सूल पंपात बसवा, पंप फिरवून ती उघडा. गिळू नका.
2. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, पण पंपात नाही.
3. पंप ओठांत घट्ट धरा. तोंडाने जोरात, खोल श्वास ओढा.
4. पंप काढा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा.
5. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. नंतर चूळ भरून थुंका.

दाबायच्या पंपाची रीत वेगळी आहे, त्यात श्वास हळू ओढायचा असतो. आपला पंप कोणता ते विचारून घ्या. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

दम लागला तर
बसा, थोडं पुढे वाका. नाकाने श्वास घ्या. बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडा. एरवी झेपेल तेवढं रोज चाला. नुसतं बसून राहिलं तर ताकद आणखी कमी होते.

कधी थांबायचं नाही?
नेहमीपेक्षा दम वाढला, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर लगेच दवाखान्यात जा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेलं, तर 108 ला फोन करा.

विचारायला लाजू नका
डॉक्टर पाच-दहा मिनिटं भेटतात. बाकीचे दिवस आजार आपणच सांभाळतो. म्हणून सिस्टर, आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी यांना म्हणा, "मी पंप घेऊन दाखवते, चुकतंय का बघा." रोजचा पंप कोणता, त्रास वाढल्यावरचा कोणता, हेही लिहून मागा. शिकवणं हे त्यांच्या कामातच येतं.

मावशींना घेऊन मी उपकेंद्रात गेले. सिस्टरने दाखवलं, मावशींनी करून दाखवलं. तिसऱ्या वेळी जमलं. दम पूर्ण गेला नाही, जाणारही नाही. पण परवाच्या बैठकीला त्या एकदाच टेकल्या.

पुढच्या बैठकीत करा
बचत गोळा झाली की विचारा, "आपल्यात, आपल्या घरात पंप कुणाकडे आहे?" ज्यांच्याकडे असेल त्यांना घेऊन आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जा. एकटीला पाठवू नका, एकीने सोबत जा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक