काट्यावरचं वजन, हुकावरचं वजन

मेंढपाळ जनावराचं वजन काट्यावर बघतो, आम्ही खाटीक ते सोलून हुकावर टांगल्यावर बघतो. दोन्हींमधला फरक कोणाच्या तरी खिशातून जातो, आणि अलीकडे तो 'वजनवाढीची पावडर' विकत घेणाऱ्याच्या खिशातून जास्त जातो असं माझं मत झालं आहे. माझं मटणाचं दुकान मुलुंडला आहे. मुलुंडसारख्या ठिकाणी हा धंदा करायचा म्हणजे अर्ध्या गावाने नाक मुरडायचं आणि उरलेल्या अर्ध्याने रविवारी रांग लावायची. रांगेतली निम्मी माणसं भांडुप-नाहूरहून येतात आणि सीना, चाप, नळी बरोबर ओळखतात. त्यांना पावडरीचं मटण विकता येत नाही, म्हणून हा विषय माझ्यापर्यंत आला.

माझा मेहुणा जत तालुक्यात राहतो. माडग्याळी मेंढीचा तो मूळ मुलूख. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, पोपटासारखं वाकडं नाक आणि उंच पाय. दख्खनी काळ्या मेंढीपेक्षा ही लवकर वाढते, म्हणून दरही चढा मिळतो. दूध तोडलेली तीन महिन्यांची नर कोकरं घ्यायची, शेडात बांधून खुराकावर वाढवायची आणि बकरी ईदच्या किंवा आखाडाच्या सुमारास मुंबईला पाठवायची, असा त्याचा बेत होता. पैसे दोघांचे. पहिली खेप मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, तुरीचं भुसकट आणि थोडा हिरवा चारा यांवर झाली आणि ठीक गेली. खेप ठीक गेली की माणसाला ती अजून चांगली जावी असं वाटतं, आणि अशाच वेळी गावात बॅग घेऊन माणूस येतो.

त्याने मेहुण्याला गाईंसाठीचं खनिज मिश्रण दिलं, सोबत यकृताचं टॉनिक दिलं. "दूध वाढवतं ते मांसपण वाढवतं की," असं सांगितलं म्हणे. मेहुण्याने सांगितल्यापेक्षा जास्तच घातलं. फोनवर म्हणायचा, "दाजी, अंगावर हात फिरवा, तेल लावल्यासारखी चमकतायत." काट्यावरही ती चांगलीच भरली. मग रात्रीच्या टेम्पोने निघून सकाळी देवनारच्या कत्तलखान्यात आली, तेव्हा दोन-तीन जनावरं उठेनात. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. त्यातली काही तिथेच मेली. उरलेल्यांतली एकदोन सोलल्यावर चरबी हळदीसारखी पिवळी, काळीज सुजलेलं आणि मूत्रपिंडं काळीनिळी निघाली. तपासणीच्या डॉक्टरांनी ती बाजूला काढायला लावली. ते बरोबरच होतं. असं मटण मी माझ्या घरी नेणार नाही.

मेहुणा म्हणाला, कोणीतरी विष घातलं. कारण त्याच शेडात, तीच पावडर खाणाऱ्या चार शेळ्या ठणठणीत होत्या. उलगडा याच गोष्टीत होता, आणि तो माझ्या एका निवृत्त पशुवैद्यक गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर उभं राहून केला. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईला लागतं तेवढं तांबं मेंढीला जास्त होतं. शेळी मेंढीपेक्षा पुष्कळ सोसते. खाद्याच्या किलोमागे 25 मिलिग्रॅमच्या आसपास तांबं गेलं की मेंढीसाठी धोका सुरू होतो, आणि खाद्यातली इतर खनिजं कशी आहेत त्यावर ही रेषा आणखी खालीही येते. मेंढीचं शरीर जादा तांबं बाहेर टाकत नाही, काळजात साठवत जातं. आठवडेच्या आठवडे काहीच दिसत नाही. जनावर खातं, चमकतं, वजन धरतं. मग एखादा धक्का बसतो, बहुतेक वेळा तो लांबचा प्रवास, उपास किंवा गर्दीच असतो, आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. रक्तपेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात. जतहून मुंबईचा रात्रभराचा टेम्पो म्हणजे हा धक्का मुद्दाम दिल्यासारखाच झाला.

म्हणून पहिलं सांगणं हेच की, पिशवीवर कोणत्या जनावराचं चित्र आहे ते बघा, आणि मागे बारीक अक्षरात तांबं किती लिहिलं आहे तेही बघा. गाय, डुक्कर, कोंबडी यांच्यासाठी बनवलेलं काहीही मेंढीच्या गव्हाणीत टाकायचं नाही. मेंढीसाठी वेगळं मिश्रण मागा. नसेल तर पशुवैद्यकाला विचारून चाटणविटा आणा. आणि शेड एकच असलं तरी शेळ्यांचा आणि मेंढ्यांचा खुराक एकाच बादलीतून काढू नका.

आता पावडरीच्या मूळ प्रश्नाकडे. पूरक खाद्याने मांस वाढतं का? वाढतं, पण पावडर पोषण देत नाही, ती फक्त उणीव भरते. मूळ खाद्यात प्रथिनं कमी असतील तर पेंडीने फरक पडतो. खनिजं कमी असतील तर मिश्रणाने. जे पुरेसं आहे त्यावर आणखी ओतून काही मिळत नाही. राजस्थानात अविकानगरला 1962 पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. दूध तोडलेली कोकरं बंदिस्त खुराकावर वाढवण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं झालं. आपल्याकडची कोकरं नुसत्या चराईवर दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम वाढतात, चांगल्या खुराकावर शंभर ते दीडशे ग्रॅम. म्हणजे मुख्य उडी भरडा-पेंडीने पडते. त्याच्यावर बाटलीतल्या औषधाने पडणारा फरक एवढा लहान असतो की पिण्याचं पाणी वेळेवर दिलं, तरी तेवढा मिळतो.

शिवाय वय. तीन ते सहा-सात महिन्यांत खाल्लेला दाणा मांस होतो. पुढे तोच दाणा चरबी होतो, आणि आपल्या जातींत ती पाठीवर कमी, आतड्याभोवती आणि मूत्रपिंडाभोवती जास्त साठते. ती कापून मी बाजूला ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "चरबी नको, दादा." तिचे पैसे मात्र मेंढपाळाने खाद्यात घातलेले असतात. म्हणून शेवटचा महिना आणखी खाऊ घालू या हा मोह फायद्याचा नसतो.

उताऱ्याचा हिशोब मी मेहुण्याला कागदावर मांडून दाखवला. तीस किलोच्या जनावरातून पंचेचाळीस टक्के उतारा धरला तर साडेतेरा किलो मटण पडतं. पन्नास टक्के धरला तर पंधरा. दीड किलोचा फरक. हा फरक कशाने पडतो? जात, वय, मांड्यांची भर आणि पोटात किती भरलं आहे यांनी. मेंढीचं भरलेलं पोट हेच वजनाच्या दहा-वीस टक्के असतं. ते वजडीवाला धुऊन टाकतो. त्यामुळे विकण्याच्या आदल्या दिवशी मीठ घालून पाणी पाजलं, बेसनाचं पाणी ओतलं, की काटा वाढतो. बकरी ईदच्या बाजारात किलोवर भाव ठरतो तिथे हे प्रकार होतात. हात लावून कळतं. पोट नगाऱ्यासारखं ताठ, पण पाठीचा कणा बोटांना टोचतो, मांडी सैल. पोट बघू नका, कण्याच्या दोन्ही बाजूंना किती मांस आहे ते चाचपा. आणि मेंढपाळांनो, प्रवासात जनावर पाच ते आठ टक्के वजन सहज टाकतं, त्यात हे पाणी आधी जातं. शेवटच्या आठवड्यात जे कोंबलं, ते वाटेवरच सांडतं.

दाण्यावर कोकरू आणण्याचीही एक रीत आहे आणि ती मोडली की पावडरीपेक्षा मोठं नुकसान होतं. चराईवरचं कोकरू एकदम मक्याच्या ढिगावर सोडलं तर पोटात आंबतं, आम्ल होतं, जनावर लंगडतं, हगवण लागते, कधी रात्रीत मरतं. दोन ते तीन आठवडे लावून हळूहळू दाणा वाढवायचा, भुसकट कमी होऊ द्यायचं नाही. खाण्याचा सोडा खाद्यात एक टक्क्याच्या आसपास मिसळतात, त्याने आम्लता सावरते; पण एकदम बदललेल्या खाद्यावर तो उपाय नव्हे. आणि आंत्रविषाराची लस खुराक सुरू करण्याआधी. या रोगात सगळ्यात तगडं, सगळ्यात हावरं कोकरू आधी जातं. सकाळी मेलेलं कोकरू बघून मेंढपाळ म्हणतो, "काल तर ते छान खात होतं." छान खाल्लं म्हणूनच मेलं. लसीचा दुसरा डोस दोन-तीन आठवड्यांनी असतो, तो विसरू नका.

नरांना मुतखड्याचा वेगळा धोका. दाणा आणि गव्हाचा कोंडा यांत स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी. मूत्रमार्गात खडे बसतात. जनावर शेपूट हलवत ताठ उभं राहतं, थेंब थेंब गळतं. खाद्यात चुनखडी घालून कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट ठेवतात. काही पशुवैद्यक नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, खाद्याच्या अर्धा टक्का सांगतात. मापाने आणि सांगितल्यावरच. नवसागराचं नाव ऐकून हातभट्टी आठवते खरी, पण इथे त्याचं काम चांगलं आहे.

याच्या पुढचा टप्पा वाढीच्या औषधांचा. जगात झिल्पाटेरॉल नावाचं औषध आहे. कोकरांवर त्याचे प्रयोग झाले. मांस वाढतं, चरबी घटते, उताराही चढतो. सोबत मटण चिवट होतं. अमेरिकेत गुरांसाठी ते 2006 मध्ये मान्य झालं आणि खुरांच्या तक्रारींनंतर 2013 मध्ये कंपनीनेच बाजारातून थांबवलं. युरोपात तर हार्मोन किंवा अशी औषधं देऊन वाढवलेलं मांस घेतच नाहीत. आपल्या गावच्या बाटलीवर असं नाव लिहिलेलं नसलं तरी 'आठ दिवसांत मांस' असं कुणी म्हटलं तर त्यात काय आहे हे मी विचारल्याशिवाय राहणार नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या फळीतलं औषध. ते खाद्यात मिसळण्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली. अशा औषधाचा अंश मांसात राहिला तर माझ्या डोळ्याला दिसणार नाही, पिवळी चरबी दिसते तशी. म्हणून मी आता मेंढपाळाला शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते विचारतो, आणि उत्तर नीट नसेल तर जनावर घेत नाही.

जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपरच्या चाळींत ईदच्या आधी काही आठवडे बकरा किंवा मेंढा घरी आणून बांधतात, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. प्रेमाने पाव, चपात्या, बिर्याणीचा भात चारतात. बाजारातून आलेल्या, प्रवासाने दमलेल्या जनावराला हे एकदम दिलं की पोट फुगतं. पहिले दोन दिवस वाळलेला चारा, हरभऱ्याचं भुसकट, झाडपाला आणि भरपूर पाणी. मग मूठभर दाणा. टॉनिकची गरज नाही. चालवत राहा, सावलीत बांधा. आजारी दिसलं तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, जे 1886 पासून आहे, किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. व्हॉट्सॲपवर औषध विचारू नका.

मेहुण्याने पावडर बंद केली. माडग्याळी कोकरं त्याच जुन्या भरड्या-पेंडीवर परत उभी केली. आता तो प्रत्येक खेपेला थोड्या जनावरांवर वेगळी खूण करतो, त्यांना काय खायला घातलं ते वहीत लिहितो, आणि मी त्या खुणेच्या जनावराचं सोललेलं वजन, चरबीचं वजन आणि काळजाचा रंग उलट फोनवर सांगतो. गावातल्या इतर मेंढपाळांनी हेच आपल्या खाटकाला सांगावं. जनावर देताना भाव ठरवता, तेव्हा सोललेल्या वजनाची चिठ्ठीही मागा. खाटीक नाही म्हणाला, तर दुसरा शोधा.